पिंजरा की रॅक? तुम्ही विचारलंत म्हणून

कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. काम म्हणजे गेट, जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या. पण गेली बरीच वर्षं मधूनमधून व्यायाम करणारी पोरं येतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "काका, घरी वजन मारायचंय. स्क्वॉट रॅक बनवून घेऊ, की पॉवर केज?" मी दोन्ही बनवलेत आणि दोन्हींत स्वतः तोंडघशी पडलोय. तेव्हा एकदा नीट बसून सांगतो.

नावांचा घोळ होत असेल तर आधी तेवढं. स्क्वॉट म्हणजे रॉड खांद्यांवर घेऊन मारलेली बैठक. रॅक म्हणजे दोन उभे खांब आणि रॉड टेकवायला दोन हुक. केज म्हणजे चार खांबांचा पिंजरा (आमच्या घरात तोच शब्द चालतो). तुम्ही आत उभे राहता आणि डाव्या-उजव्या बाजूला पुढच्या खांबातून मागच्या खांबात एकेक जाड पिन आडवी जाते. वजन पेललं नाही तर रॉड तुमच्यावर न येता त्या पिनांवर बसतो. सगळा खेळ त्या दोन पिनांचा. वरची पुलअपची दांडी, बाजूची प्लेटा (वजनाच्या चकत्या) अडकवायची खुंटी, ही सगळी वरकड हौस.

मी उलट विचारतो : बेंच (बाकावर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलणं) मारणार आहेस का? आणि मारताना जवळ कोण असणार?

पोरांना स्क्वॉटची धास्ती असते, पण तिथं निसटायला वाट असते. रॉड मागे सोडायचा आणि स्वतः पुढे सटकायचं. खाली रबराची मॅट आणि रबरी प्लेटा असतील आणि सवय केलेली असेल, तर हे जमतं. बेंचवर तुम्ही उताणे. पाठीमागे बाक, वर लोखंड. जाणार कुठं?

मी वजन उचलायला शिकलो तालमीत. तिथं एकटं कुणी नसायचंच. "सपोर्ट दे रे" म्हटलं की तिघं धावायचे, त्यातला एक उगाच शिकवायला. पुढे धंदा सुरू झाला, तालमीची वेळ जमेना, म्हणून स्वतःपुरता दोन खांबांचा रॅक बनवून शेडच्या कोपऱ्यात ठेवला. एका सुट्टीच्या दुपारी शटर अर्धं ओढून बेंच मारत होतो. 70 किलो, म्हणजे माझं रोजचंच वजन. सातव्या रेपला (खेपेला) रॉड छातीवर आला तो तिथंच बसला. स्प्रिंगचे लॉक मी मोठ्या शिस्तीनं घट्ट लावलेले. नसते लावले तर रॉड एका बाजूला कलता करून प्लेटा तरी सांडल्या असत्या. आरडाओरडा करायला छातीत हवा नाही आणि ऐकायला शेजारच्या शेडात माणूस नाही. शेवटी लाटणं फिरवावं तसा रॉड छातीवरून पोटावर आणि पोटावरून मांड्यांवर लाटत नेला आणि उठून बसलो. पोटावर आठवडाभर निळा पट्टा होता. बायकोला सांगितलं, अँगल लागला. तोच रॉड चार बोटं वर, गळ्यावर आला असता तर हे लिहायला मी नसतो.

पुढच्या आठवड्यात केजसाठी पाइप कापला. आणि धंदा लोखंडाचा असूनही पहिलाच केज चुकवला.

चौकट चांगली ऐसपैस धरली, बाहेरून बाहेर 4 फूट 4 इंच, म्हणजे 132 सेंटिमीटर. ऑलिंपिक बार असतो 2.2 मीटर लांब, पण त्याच्या दोन कॉलरच्या (प्लेटा आत सरकू नयेत म्हणून असलेल्या जाड कड्यांच्या) मधलं अंतर 131 सेंटिमीटर. एका सेंटिमीटरसाठी कॉलर खांबाला अडायची आणि बार हुकात बसायचाच नाही. ग्राइंडर घेऊन आडव्या पट्ट्या कापल्या, पुन्हा वेल्डिंग केलं. आता बाहेरून बाहेर 49 इंचांच्या वर जात नाही.

दुसरी चूक भोकांची. कंटाळा करून चार-चार इंचांवर ड्रिल मारलं. झालं काय, की पिन एका भोकात लावली तर रॉड छातीला टेकायच्या आधीच अडायचा आणि खालच्या भोकात लावली तर माझ्या बरगड्या आधी आणि पिना नंतर. म्हणजे पिंजऱ्यात असूनही उघड्यावरच. बाकाच्या पायांखाली 18 मिलिमीटरचे प्लायचे तुकडे सारून दोन वर्षं काढली. आता बेंच मारताना पिना लागतात त्या उंचीच्या पट्ट्यात एकेक इंचावर भोकं मारतो आणि बाकी ठिकाणी दोन-दोन इंचांवर. ड्रिलचं काम वाढतं, पैसे थोडे जास्त घेतो, आणि त्यात घासाघीस ऐकत नाही.

पिना लावायच्या कशा, हेही कुणी विचारत नाही. नुसता रॉड घेऊन बाकावर पडा. छाती फुगवून वर उचला आणि रॉड छातीला टेकवा. पिना त्याच्या बोटभर खाली हव्यात. मग श्वास सोडून छाती सपाट करा. रॉड पिनांवर बसला आणि गळ्याखालून हात सहज फिरला, तर ते तुमचं भोक. त्यावर रंगाची खूण करून ठेवा. मी बनवून दिलेले केज कधी बघायला गेलो, तर निम्म्या घरांत पिना सगळ्यांत खालच्या भोकात दिसतात. एवढं लोखंड विकत घेऊन काय मिळवलं?

आता हे ऐकून केजच सांगायला निघालात तर थांबा, आधी रॉड मोजा. आपल्याकडे घरगुती सेटमध्ये बहुतेकदा पाच फुटी रॉड येतो. चार फूट रुंदीच्या केजमध्ये किंवा रॅकवर तो टेकवला की प्लेटा लावायला बाजूंना जागाच उरत नाही. लोक दोष मला देतात.

मग खोली. बार सव्वासात फूट आणि प्लेट चढवायला माणूस बाजूला उभा राहायला हवा, म्हणजे साडेनऊ-दहा फूट रुंदी धरा. उंचीत फसवतो पंखा. साडेपाच-पावणेसहा फुटांच्या माणसानं रॉड डोक्यावर नेला की तो सात फुटांच्या आसपास जातो. 45 सेंटिमीटर व्यासाची प्लेट असेल तर तिची कड त्याच्याही वर नऊ इंच. पंखा फिरत असताना हा हिशेब चुकवू नका. आणि फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर वजन टेकवा, आपटू नका. घरगुती स्लॅबचं डिझाइन चौरस मीटरला 200 किलो भार धरून होतं, तो ठेवलेल्या सामानाचा आणि वावरत्या माणसांचा. खालच्या काकूंचा विषय वेगळाच.

रॅक कुणाला देतो? वेटलिफ्टिंगच्या पोरांना. आमच्या सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्य आणलं. स्नॅच (एका झटक्यात डोक्यावर) 113, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) 135 किलो. सोनं एका किलोनं हुकलं, कारण 139 उचलताना कोपर दुखावलं. ते वजन खाली पडलं ते मोकळ्या प्लॅटफॉर्मवर. हा खेळच जमिनीवरून उचलण्याचा आणि जमिनीवर टाकण्याचा आहे, त्याला चार खांबांत कोंडून चालत नाही. त्या पोरांना रॅक लागतो तो स्क्वॉटपुरता आणि तिथं शेजारी कोच उभा असतो. पॉवरलिफ्टिंगचं तसं नाही. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलून ताठ उभं राहणं), यांतल्या पहिल्या दोन्हींत वजन फसतं ते तुमच्या अंगावर.

रॅकच हवा असेल तर दोन सुटे स्टँड मी बनवत नाही. एक जरा सरकला की रॉड तिरका, दमलेला माणूस अंदाजानं ठेवायला जातो आणि एक बाजू हुकाबाहेर. खालून जोडलेला घ्या, खांबांना पुढं सेफ्टीचे हात लावून घ्या. जागा कमी आणि माणूस एकटा असेल तर हा मधला मार्ग चांगला आहे. फक्त त्या हातांवर बार आदळला की भार पुढच्या बाजूला येतो, त्यामुळे बूड रुंद हवं किंवा फास्टनर मारून जमिनीला आवळलेलं हवं. उभ्या खांबाला दोन इंची चौकोनी पाइप, जाडी 3 मिलिमीटर. 2 मिलिमीटरचाही घरी चालतो. त्याखाली मला सांगू नका.

मागच्या महिन्यात मिरजेचा एक मुलगा आला. खोली साडेनऊ बाय नऊ, सकाळी साडेपाचला एकटा करतो, आई आतल्या खोलीत झोपलेली, बेंच त्याला सोडायचा नाही. सगळं केजकडेच जात होतं. ॲडव्हान्सचे पैसे हातात घेऊनच उभा.

"रॉड किती फुटी?"

"मोजला नाही काका."

संध्याकाळी फोन आला. पाच फुटी. त्याला सांगितलं, पैसे तुझ्याकडेच ठेव, त्यातून आधी रॉड बदल. केजचं माप मी लिहून ठेवलंय. तोवर बाकावर डंबेल मार, ते निदान दोन बाजूंना टाकता येतात.