भिंती आल्या आणि उभ्या राहिल्या!

आज साइटवर तयार भिंती बसवल्या. विटेवर वीट चढताना पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना हे पचायला वेळच लागतो. आख्खी भिंत, खिडकीच्या चौकोनासकट, क्रेनला लटकत येते आणि खाली मारलेल्या रेघेवर टेकते.

उचलणं पटकन होतं. खरा वेळ जातो तो धिऱ्यांत, म्हणजे भिंत उभी धरणाऱ्या टेकूंत. प्रत्येक भिंतीला निदान दोन तिरके लोखंडी धिरे. एक टोक भिंतीच्या वरच्या भागात, दुसरं स्लॅबला बोल्टने आवळलेलं. ते पक्के होईपर्यंत क्रेनचा हूक सोडायचा नाही म्हणजे नाहीच. मग ओळंबा बघत धिऱ्याचा स्क्रू फिरवत बसायचं. अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. एवढी अवजड भिंत हाताने केसभर हलते, हे बघायला मला तरी जाम मजा येते. (भिंतीची उंची तिच्याखालच्या पाचरींनी आधीच जुळवलेली असते.)

दुपारी वारा सुटला, तेव्हा पुढची भिंत उचललीच नाही. थोडी कुरकुर झाली, पण लटकती भिंत वाऱ्यात शिडासारखी वागते, तिच्याशी कोण झुंजणार? आता वरचा स्लॅब बसून सांधे भरून घट्ट होईपर्यंत धिरे जागचे हलणार नाहीत. तोवर खोल्यांमधून फिरायचं ते वाकून, डोकं सांभाळून.