चॅफ सोडला म्हणजे विमान गायब होत नाही

आपल्या ग्वाल्हेरला मिराज २००० विमानं १९८५ पासून आहेत. बालाकोटला गेलेली मिराजही इथूनच उडाली, त्यामुळे महाराजबाड्यावर चहा पिता पिता चॅफचा, म्हणजे रडारला फसवायला विमानातून सोडतात त्या बारीक तंतूंचा, विषय निघतोच. आणि दरवेळी तेच ऐकू येतं: चॅफ सोडला की रडारला विमान दिसेनासं होतं. तसं काही होत नाही. विमान दिसतंच, फक्त शेजारी आणखी एक मोठं लक्ष्य उभं राहतं.

चॅफ म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले काचेचे तंतू, जाडी साधारण २५ मायक्रॉन. सगळी मेख लांबीत. तंतू रडारलहरीच्या निम्म्या लांबीचा असला की लहर जोरात परतवतो. हिशेब सोपा: १५ ला रडारच्या गिगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागा, तंतूची लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. १० गिगाहर्ट्झला दीड सेंटिमीटर, ३ ला पाच. प्रत्यक्षात तंतू किंचित तोकडाच कापतात. जुलै १९४३ मध्ये ब्रिटिशांनी हॅम्बुर्गवर टाकलेल्या पट्ट्या २७ सेंटिमीटरच्या होत्या, कारण जर्मन वुर्झबर्ग रडारची लहर सुमारे ५४ सेंटिमीटरची. समोरचं रडार कुठलं ते आधी ठाऊक नसतं, म्हणून एकाच काडतुसात निरनिराळ्या लांबीचे तंतू भरतात.

आता संख्या. १० गिगाहर्ट्झला एक तंतू रडारला सरासरी जेमतेम १.३५ चौरस सेंटिमीटरइतका ‘दिसतो’. म्हणजे १० चौरस मीटरचं लक्ष्य उभं करायला ७५ हजार तंतू, तेही सगळे सुटे झाले तर. ते होत नाहीत. पातं बोथट असेल तर कापलेली टोकं एकमेकांना चिकटतात, दाबून भरलेल्या तंतूंचे गुच्छ तसेच बाहेर पडतात. गुच्छ म्हणजे वाया गेलेला माल. म्हणून तंतूंना स्टिअरिक ॲसिडसारखा निसरडा लेप देतात, आणि भरताना लाखांनी भरतात.

खरी अडचण डॉप्लरची, म्हणजे परतलेल्या लहरीवरून लक्ष्याचा वेग ओळखण्याच्या तंत्राची. बाहेर पडताच तंतूंचा वेग मरतो, ते वाऱ्याबरोबर तरंगू लागतात. पल्स-डॉप्लर रडार वेगावरून निवड करतं आणि असला संथ ढग सरळ वगळतं. रडारच्या दिशेने नाकासमोर उडत चॅफ सोडणं म्हणूनच फुकट. वैमानिकाला रडारशी काटकोनात वळावं लागतं. मग विमानाचा रडारकडे येण्याचा वेग शून्याजवळ जातो, ढगाचाही तेवढाच, आणि निवड चुकण्याची शक्यता तयार होते. वळण आधी, चॅफ त्याच क्षणी. उशीर झाला तर उपयोग नाही.

भारतात हवाई दलासाठीचा प्रगत चॅफ डीआरडीओच्या जोधपूर प्रयोगशाळेने पुण्याच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्याच प्रयोगशाळेबरोबर विकसित केला, घोषणा ऑगस्ट २०२१ ची.

तंतू सेकंदाला साधारण ३० सेंटिमीटरने उतरतात. ३ किलोमीटरवरून खाली यायला पावणेतीन तास, आणि तोवर हवामान खात्याच्या रडारवर कोरड्या आकाशात पाऊस दिसत राहू शकतो.