सगळ्यांची जबाबदारी म्हणजे नक्की कोणाची?

मी भूजलाच्या कामात आहे, अटल भूजल योजना जी महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत आली त्यातल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात एका संस्थेकडून गावोगाव फिरायचे. काम म्हणजे विहिरींची पातळी मोजायची, गावाचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे जमाखर्च, मांडायचा आणि जलसुरक्षा आराखडा करून घ्यायचा. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कोणाला त्रास नको.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा होती, आमचा गाव आमचा विकास वाली. मागे मोठा फ्लेक्स, त्यावर शाश्वत विकासाची १७ ध्येयं, रंगीत चौकोन. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वाचून दाखवलं की २०१५ साली सगळ्या देशांनी मिळून हे ठरवलंय, २०३० पर्यंत गाठायचंय, आपल्या पंचायतींसाठी त्याचे ९ विषय केलेत आणि आपण जलसमृद्ध गाव निवडतोय, ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे वगैरे. लोक माना डोलवत होते, मागची पोरं मोबाईलमध्ये. मला हे वाक्य ऐकलं की जरा डोक्यातच जातं खरं सांगायचं तर. सगळ्यांची म्हणलं की कोणाचीच नाही, आणि ऑफिसवाल्यांना सगळ्यात सोयीचं.

मग माझा नंबर. लाईट गेलेली म्हणून प्रोजेक्टर बंद, शेवटी शाळेच्या फळ्यावर खडूने सुरू केलं. पाऊस झाला ४३० मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १० हजार लिटर पाणी होतं. गावाचं क्षेत्र साधारण ९०० हेक्टर. गुणाकार एका नववीतल्या पोरीला करायला लावला, उत्तर आलं ३८७ कोटी लिटर. सभेत एकदम हशा, एकजण म्हणाला मग मार्चमध्ये टँकर कशाला बोलावतो आपण, धरणच आहे की आपल्याकडे!

आता खरी मजा इथून पुढे. आपल्याकडे खाली काळा पाषाण, त्यात पावसाच्या दहा टक्क्यांच्या आसपासच मुरतं, बाकीचं वाहून जातं नाहीतर उडून जातं. बंधारे, नालाबांध सगळं धरून हातात राहिलं ६० कोटी. माणशी रोज ५५ लिटर धरून दोन हजार लोकांचं वर्षाचं पिण्या-वापरायचं पाणी फक्त ४ कोटी. जनावरांचं पावणेतीन. म्हणजे शेतीला उरले त्रेपन्न-एक. मग पिकं मांडली. कांदा ६० हेक्टर, हेक्टरी ६० लाख लिटर, झाले ३६ कोटी. ऊस फक्त २० हेक्टर, पण हेक्टरी दोन कोटी, म्हणजे ४० कोटी. फळ्यावर ७६ लिहिलं आणि खाली तूट २३.

इथे सभेचा नूरच पालटला. उसवाले आण्णा उठले, म्हणाले माझी विहीर माझ्या रानात, पाणी माझं, तुम्ही कोण मोजणार. आता २००९ चा भूजल कायदा आहे, २०१४ पासून लागू आहे, शेतीसाठी ६० मीटरच्या खाली बोअर घ्यायची नाही असं त्यात आहे, पण रात्री बोअरची गाडी आली की तिला आडवं कोण जाणार हे सगळ्यांना माहिती. मी कायदा सांगितला पण ताणला नाही. हिवरे बाजारची आठवण कोणीतरी काढली, तिथे शेतीसाठी बोअर नाही आणि पाण्याचा हिशेब बघून पीक ठरवतात, पाणी अडवून गाव पालटवणाऱ्या पोपटराव पवारांचं गाव आहे ते. लगेच दुसरा म्हणाला, आपल्याकडे पोपटराव आहेत का?

तेवढ्यात बचत गटातल्या एक काकू उठल्या. त्या आण्णांना काहीच बोलल्या नाहीत. आधी ग्रामसेवकांना विचारलं, भाऊसाहेब टाकी रोज रात्री भरून वाहती, तिचा कॉक कोण बदलणार आणि कधी? तारीख सांगा. मग सरपंचांना, वित्त आयोगाचा पाण्यासाठी राखून ठेवलेला पैसा कुठे लागला? आणि मग माझ्याकडे वळून, मॅडम तुम्ही आकडे लिहून जाणार, तुमचा वाटा काय? मी चाट पडले. म्हणलं, दर महिन्याला पातळी मोजून पंचायतीच्या भिंतीवर लिहीन. त्या म्हणाल्या, हं, लिहा, ठरावात घ्या.

मला वाटतं त्यामुळेच आण्णा नरमले. आधी बाकीच्यांचे वाटे पडले ना. फक्त शेतकऱ्यालाच धरलं असतं तर सभा तिथेच उधळली असती, आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं, कारखाना ऊस हमखास नेतो, कांद्याचा भाव कोण देणार? ते म्हणाले लागणीचा ऊस मोडत नाही, खोडवा (त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) निघाला की ठिबकशिवाय नवीन लागण करत नाही. ठराव झाला, पण सगळ्यांनी सह्या नाही केल्या. आणि दिवाळीनंतर एका रात्री एक बोअर पडलीच, कोणाची ते सगळ्या गावाला माहितीये.

टाकीचा कॉक बदलला, तारखेपेक्षा उशिरा पण बदलला. पातळीचे आकडे भिंतीवर चालू आहेत, आता ती नववीची पोरगी माझ्याआधी टेप घेऊन विहिरीवर हजर असते. पुढच्या ताळेबंदाला दूध डेअरीवाल्यांनाही बोलवायचं ठरलंय, कारण गायी वाढल्यात आणि मका-घासाचं पाणी फळ्यावर यायचंय अजून.