क्लॅरिनेटसाठी गुरू निवडताना

क्लॅरिनेटच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी संस्थेच्या नावाआधी शिक्षक पाहिला, कारण आपला श्वास आणि ओठांची ठेवण दर आठवड्याला तपासणारा माणूस तोच असतो. फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट ही संगीतसंस्था १९२८पासून शिक्षणशुल्क घेत नाही, हे मोठेच आकर्षण. पण तिथे जागा मोजक्या. जर्मन वाद्यवृंदांत ओलर पद्धतीच्या चाव्यांचे क्लॅरिनेट चालते आणि माझा हात चाव्यांच्या वेगळ्या, बोम पद्धतीवर बसलेला आहे, म्हणून तो मार्गही सोपा नव्हता. अर्जापूर्वी मी शिक्षकांकडे एकेक तास मागितला. मोझार्टच्या १७९१च्या कॉन्चेर्टोची सुरुवात ऐकून एकाने नुसती स्तुती केली. दुसऱ्यांनी रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाशी कंप पावणारी पातळ पट्टी, केसभर खाली सरकवून तोच स्वर पुन्हा धरायला लावला, आणि तो मोकळा झाला. शिवाय त्यांचे विद्यार्थी एकमेकांसारखे वाजवत नव्हते, म्हणून मी त्यांचीच निवड केली.