सबटायटलच्या आधी आलेलं हसू

टोरांटोत इंडिजिनस, म्हणजे मूळ रहिवासी, लोकांच्या फिल्म्सचा इमॅजिननेटिव्ह नावाचा फेस्टिवल असतो, त्यातला शॉर्ट फिल्म्सचा एक शो अजून डोक्यातून जात नाहीये. एका फिल्ममध्ये आजी आणि नातू स्वयंपाकघरात टेबलापाशी बसलेत, आजी मान वर न करता काहीतरी पुटपुटते आणि माझ्या पुढच्या दोन रांगा एकदम खळखळून हसल्या. सबटायटल त्यानंतर आलं. वाचलं तर अगदी साधं वाक्य होतं, कुणाच्याही घरात कुणीही बोलेल असं, त्यातली गंमत त्या आजीच्या सुरात होती आणि तो सूर ज्यांच्या घरात रोज कानावर पडतो त्यांनाच ती कळली. मला नाही कळली, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही, उलट इतकं बरं वाटलं की एक फिल्म अशी आहे जी माझ्यासाठी थांबत नाही, समजावत बसत नाही, आधी आपल्या माणसांशी बोलते.

घरी येताना मैत्रिणीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं पण वेगळा फेस्टिवल कशाला लागतो? फिल्म चांगली असेल तर टिफमध्ये, टोरांटोच्या मोठ्या फेस्टिवलमध्ये, लागेलच की." प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता, बरेच जण विचारतात, मीही टोरांटोत आल्यावर पहिली काही वर्षं असंच समजत होते. तिला रस्त्यात उभं राहून जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितेय.

इग्लुलिकपासून सुरुवात करते. कॅनडाच्या नुनावुतमधलं, पार उत्तरेकडचं इनुइट लोकांचं छोटं गाव. १९७५ मध्ये त्या गावाने मतदान घेऊन टीव्हीला नाही म्हटलं. १९७९ मध्ये परत विचारलं, परत नाही. कारण सरळ होतं, त्या टीव्हीवर त्यांच्या भाषेत, इनुक्टिटुटमध्ये, काहीच नव्हतं. घरोघर दिवसभर इंग्लिश बोलणारा डबा बसला तर पोरांच्या तोंडात कुठली भाषा राहणार हे त्या लोकांना कुणी येऊन सांगावं लागलं नाही. इनुइट लोकांनी स्वतः बनवलेले कार्यक्रम सुरू व्हायला लागले तेव्हा कुठे, ८०च्या दशकात, गावाने टीव्ही आत येऊ दिला.

त्याच गावात झकरायस कुनुक मोठा झाला. लहानपणी कम्युनिटी हॉलमध्ये जॉन वेनचे हॉलिवूडचे काउबॉय सिनेमे लागायचे आणि तिकिटाच्या पैशांसाठी हा पोरगा सोपस्टोन या मऊ दगडाच्या छोट्या मूर्ती कोरून विकायचा. पडद्यावर घोडदळ, किल्ला, बाणांनी मेलेले सैनिक, आणि कुठल्या इंडियन (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी) लोकांनी हे केलं म्हणून ओरडणारा एक सैनिक. कुनुकने नंतर सांगितलंय की तेव्हा त्यालाही त्या सैनिकाइतकाच धक्का बसायचा, सैनिकाच्या बाजूने विचार करायला तो तिथेच शिकला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं वाचवेना. बर्फाळ बेटावरच्या हॉलमध्ये बसलेला इनुइट मुलगा, आणि त्याला पडद्यावर स्वतःची म्हणून मिळालेली बाजू ही.

१९८१ मध्ये तो कोरीवकाम घेऊन मॉन्ट्रियलला गेला, ते विकलं आणि त्या पैशात व्हिडिओ कॅमेरा घेऊन गावी परत आला. आणि २० वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच्या 'अटानारजुअट' या फिल्मला फ्रान्समधल्या कान फेस्टिवलमध्ये कॅमेरा दॉर मिळालं, पहिल्या फिल्मसाठीचं बक्षीस. पूर्ण इनुक्टिटुटमध्ये लिहिलेली, बनवलेली, बोललेली पहिली फीचर फिल्म. जवळजवळ तीन तासांची आहे, सुरुवातीला कोण कुणाचा कोण लागतो हे कळायला वेळ लागतो, लागू द्या. त्यात एक माणूस जीव वाचवायला उघड्या अंगाने समुद्रावरच्या बर्फातून पळत सुटतो, पाय डबक्यांमध्ये पडतायत, तळवे फाटलेत, मागे मारेकरी आहेत, आणि कॅमेरा त्याच्याबरोबर इतका वेळ राहतो की आपल्याच पायाची बोटं आखडतात.

आता याच्या शेजारी १९२२ ची, रॉबर्ट फ्लाहर्टीने इनुइट लोकांवर बनवलेली 'नानूक ऑफ द नॉर्थ' ठेवून बघा. जगभर डॉक्युमेंटरीची सुरुवात म्हणून शिकवतात. त्यातल्या नानूकचं खरं नाव अलाकारिअलाक. ते लोक तेव्हा शिकारीला बंदुका वापरत होते, पण फिल्ममध्ये भाले. इग्लूच्या आत कॅमेऱ्याला उजेड पुरेना म्हणून अर्धा कापलेला इग्लू बांधला आणि त्या उघड्या घरात सगळ्या कुटुंबाला झोपायचं सोंग करायला लावलं. ग्रामोफोनची तबकडी तो दाताने चावून बघतो, तेही ठरवून केलेलं. फ्लाहर्टीला त्या लोकांबद्दल जिव्हाळा होता हे मी मानते, फिल्म सुंदरही आहे, पण प्रेमाने बघणाऱ्यालासुद्धा अर्धं घर कापावं लागलं, कारण ते घर बाहेरच्यांना दाखवायचं होतं. मैत्रिणीच्या प्रश्नाचं माझं अर्धं उत्तर या इग्लूत आहे.

उरलेलं अर्धं म्हणजे दारात कोण उभं आहे, आत कुणाला घ्यायचं हे कोण ठरवतं. टोरांटोतच रीलवर्ल्ड नावाचा दुसरा फेस्टिवल आहे, २००१ पासूनचा, कॅनडातल्या ब्लॅक, आशियाई, लॅटिन, मध्यपूर्वेतल्या आणि इंडिजिनस लोकांच्या फिल्म्ससाठी. तो टोन्या विल्यम्सने सुरू केला. 'द यंग अँड द रेस्टलेस' ही मालिका बघितलेल्यांना ती डॉक्टर ऑलिव्हिया म्हणून आठवेल, म्हणजे स्वतः चालू करिअर असलेली नटी, तिला आयुष्यभर फक्त काम करत राहता आलं असतं. मला त्यांची जी गोष्ट सगळ्यात आवडते ती फिल्म्सच्या बाहेरची आहे. प्रोडक्शनवाले वर्षानुवर्षं म्हणतात ना की आम्ही घेतलं असतं हो पण अशी माणसं सापडतच नाहीत, तर त्यांनी या माणसांची यादीच बनवून ऑनलाइन ठेवली, एडिटर, कॅमेरा, साउंड, रायटर, सगळे. आता शोधा.

आणि इथे आकडा सांगायलाच हवा, २०२१ च्या जनगणनेत कॅनडात दर चार माणसांमागे एकाहून जास्त माणूस गोरा नसलेल्या समाजांतला आहे, टोरांटो शहरात तर अर्ध्याहून जास्त. इंडिजिनस लोक त्यात धरलेले नाहीत, ते वेगळे सुमारे १८ लाख.

हे वेगळेपण मला महत्त्वाचं वाटतं. 'डायव्हर्स' या एका शब्दात सगळ्यांना कोंबतात तेव्हा मला खटकतं, कारण मी इथे अर्ज भरून, विमानात बसून आलेली बाई आहे आणि फर्स्ट नेशन्स, इनुइट, मेटी लोकांची ही जमीनच आहे. माझी अडचण आणि त्यांची अडचण एक नाही. नागरिकत्वाच्या परीक्षेच्या पुस्तकात रेसिडेन्शियल स्कूल्सवर एक छोटासा परिच्छेद होता, तो मी पाठ केला, पास झाले. कमीत कमी दीड लाख इंडिजिनस मुलं घरातून उचलून त्या शाळांमध्ये नेली, त्यांची भाषा तोडली, हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते फिल्म्समधून, कुणाच्या तरी आईला आपल्या मुलाशी कुठल्या भाषेत बोलावं हे सुचत नाहीये अशा एखाद्या सीनमधून.

अलानिस ओबोमसाविनचं नाव घेतल्याशिवाय हे लिहिताच येणार नाही. आबेनाकी या मूळ रहिवासी समाजातली, जन्म १९३२ चा, कॅनडा सरकारच्या नॅशनल फिल्म बोर्डसाठी ५० हून जास्त फिल्म्स. १९९० मध्ये क्युबेकमधल्या ओका गावाला गोल्फ कोर्स वाढवायचं होतं, तेही तिथल्या मूळ रहिवासी मोहॉक लोकांच्या पाइनच्या झाडीत, जिथे त्यांची दफनभूमी आहे. मोहॉक आडवे आले, पोलीस आले, मग लष्कर. ७८ दिवस चाललं, आणि अलानिस काटेरी तारेच्या आतल्या बाजूने शूट करत होती. टीव्हीवर बातम्या तारेच्या बाहेरून येत होत्या. त्याच तारा, तेच सैनिक, पण तिच्या 'कानेसाताके' मध्ये बंदुकीची नळी आपल्याकडे वळलेली आहे. १९९३ मध्ये टोरांटोच्या मोठ्या फेस्टिवलमध्ये तिला सर्वोत्कृष्ट कॅनेडियन फीचरचं बक्षीस मिळालं, म्हणजे मैत्रिणीचं म्हणणं अगदीच चूक नाही, चांगली फिल्म पोचते. पण ती तेव्हा २० हून जास्त वर्षं फिल्म्स करत होती. पंचविशीतल्या, पहिलीच १० मिनिटांची शॉर्ट घेऊन आलेल्या मुलीने कुठे जायचं? तिच्या मागे फिल्म बोर्ड नाही. तिला आधी अशी खोली हवी जिथे आजीच्या पुटपुटण्यावर लोक हसतील, म्हणजे पुढची फिल्म करताना ती आजी तिच्या स्क्रिप्टमध्ये टिकेल.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हायडा लोकांच्या भाषेतली पहिली फीचर फिल्म 'एज ऑफ द नाइफ' २०१८ ची. भाषा अस्खलित बोलणारे तेव्हा साधारण २० जण उरले होते, बहुतेक म्हातारे. नटांना भाषा येत नव्हती, म्हणून शूटिंगच्या आधी शिबिर भरवलं, म्हातारी माणसं शिकवायला बसली आणि तरुण मुलं घशातून येणारे ते आवाज घोटत राहिली. ही फिल्म उभी करायला इग्लुलिकच्या कुनुकचीच कंपनी बरोबर होती. कोरीवकाम विकून घेतलेला तो एक कॅमेरा कुठवर पोचला बघा!

एक तक्रार मात्र आहे. फेस्टिवल संपला की यातल्या बऱ्याच फिल्म्स गायब होतात. थिएटर घेत नाहीत, स्ट्रीमिंगवर शोधावं तर नाहीत, आणि शॉर्ट्सचं तर विचारूच नका, मला ती आजीची फिल्म नंतर कुठेच सापडली नाही. नॅशनल फिल्म बोर्डच्या साइटवर अलानिसच्या फिल्म्स फुकट बघता येतात, इनुइट फिल्म्ससाठी कुनुक आणि सोबत्यांनी सुरू केलेल्या इसुमाची साइट आहे, तिथून सुरुवात करा.

त्या शोच्या शेवटी नावं वर सरकायला लागली आणि मी सवयीने पर्स उचलली, पण पुढच्या रांगांमधलं कुणीच हललं नाही. ड्रायव्हरचं नाव आलं, शिट्ट्या. जेवण बनवणाऱ्या बायकांची नावं आली, त्याहून मोठ्या शिट्ट्या, एक छोटी मुलगी तर खुर्चीवर उभी राहून पडद्याकडे बोट दाखवत आईला काहीतरी ओरडून सांगत होती. मी पर्स परत खाली ठेवली. मैत्रिणीला सांगून ठेवलंय, पुढच्या जूनमध्ये तू बरोबर येतेयस, आणि दिवे लागेपर्यंत उठायचं नाही.