हशा ओसरता ओसरता

स्नेहसंमेलनाची नाटके बसवणारे आमचे मराठीचे सर तालमीत एक गोष्ट नेहमी बजावत : हशा ऐन भरात असताना पुढचे वाक्य घेऊ नका आणि तो पूर्ण विरेपर्यंत थांबूही नका. या सूचनेचे मोल मला खऱ्या अर्थाने उमगले ते लक्ष्मीकांत बेर्डे यांचे काम पाहताना. म्हणूनच सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी त्यांच्याविषयी लिहीत आहे.

१९५४ साली मुंबईत जन्मलेले बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत लहानसहान भूमिका करत होते. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टुरटूर' या नाटकाने १९८३ मध्ये त्यांचे नाव झाले. पुढे महेश कोठारे यांच्या 'धूमधडाका'पासून ते चित्रपटांत स्थिरावले आणि 'मैंने प्यार किया'मुळे हिंदी प्रेक्षकांनाही परिचित झाले.

नाटकात प्रेक्षक समोर असतो, त्यामुळे कुठे आणि किती थांबायचे हे तो नटाला त्याच क्षणी कळवतो. चित्रीकरणाच्या वेळी मात्र समोर फक्त कॅमेरा असतो आणि काही महिन्यांनी अंधाऱ्या सभागृहात उठणाऱ्या हशाचा अंदाज नटाला आधीच बांधावा लागतो. बेर्डे यांना हा अंदाज विलक्षण होता, आणि माझ्या मते तो रंगभूमीनेच त्यांना दिला. 'अशी ही बनवाबनवी'मधली त्यांची पार्वती पाहावी. पुरुषाने लुगडे नेसले की प्रेक्षक हसतातच, तेवढ्यावर भागवणारे नट पुष्कळ आहेत. बेर्डे मात्र पदर सावरता सावरता डोळ्यांत पकडले जाण्याची धास्ती आणतात, समोरच्याचे वाक्य नीट ऐकून घेतात, क्षणभर गडबडतात आणि मगच उत्तर देतात. त्या क्षणभरातच प्रेक्षकांचे हसून होते. 'झपाटलेला'मध्ये तर समोर रामदास पाध्ये यांचा बाहुला होता. तो जिवंत आणि भयंकर वाटतो, त्याचे निम्मे श्रेय बेर्डे यांच्या घाबरण्याला द्यायला हवे.

या सगळ्यापेक्षा मला मोठे वाटते ते 'एक होता विदूषक' (१९९२) मधले त्यांचे काम. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि पु. ल. देशपांडे यांची पटकथा असलेल्या या चित्रपटात त्यांनी तमाशातून चित्रपटांत आणि तिथून राजकारणात गेलेला आबुराव उभा केला. सगळ्यांना हसवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या लहानग्या मुलीला हसवणे जमत नाही, तेव्हा नेहमीच्या लकबी बाजूला ठेवून बेर्डे नुसते तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहतात. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही 'लक्ष्या'ला पाहायला येणाऱ्या प्रेक्षकांनी या आबुरावाला फारसे जवळ केले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर अशा ताकदीची भूमिका त्यांच्या वाट्याला क्वचितच आली. १६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी ते गेले. एरवी चरित्र अभिनेता म्हणून त्यांची नवी खेळी याच वयात सुरू झाली असती.