नागपूर-मुंबई: विमानाचा दीड तास नेमका जातो कुठे

नागपूरहून मुंबई किती दूर असं कोणी ना कोणी मला विचारतच असतं, आणि खरं सांगू का, याचं एकच उत्तर नाहीये. रेल्वेने भुसावळ, कल्याण करत ८३७ किलोमीटर, समृद्धीने ७०१ (ते पण भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतच बरं का, पुढची मुंबईतली ट्रॅफिक वेगळी), आणि आकाशातून सरळ रेष ओढली तर साधारण ६८०.

आता विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या वर पळते, मग ६८० किलोमीटरला तिकिटावर दीड तास, कधी त्याहून जास्त, काहून लिहिलेला असतो? कारण तो वेळ हवेतला नाहीच, सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू आणि मुंबईत पार्किंगला लागलं की बंद, म्हणजे रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं सगळं त्यातच आलं. त्यात वर चढायला आणि खाली यायलाच पंधरा-वीस, पंधरा-वीस मिनिटं जातात, पूर्ण वेगात असं ते मधातच थोडा वेळ पळते. आणि मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच वापरता येतो, त्यामुळे गर्दी असली की विमान वरच घिरट्या घालते. कंपन्या हे धरूनच वेळ छापतात, म्हणून कधी कधी आपण 'वेळेच्या आधी' पोचतो.

वाऱ्याचंही आहे. हिवाळ्यात वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, मुंबईला जाताना तो समोरून लागतो आणि परत येताना मागून ढकलतो, तेवढ्यात पाच-दहा मिनिटांचा फरक पडू शकतो.

आपलं नागपूर देशाच्या मधोमध आहे हे नुसतं झिरो माईलसमोर फोटो काढण्यापुरतं नाही बरं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री नागपुरात यायची, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि ज्याची त्याची विमानं परत निघायची. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो, आणि आपल्याच पोरांना हे माहीत नसतं याचं वाईट वाटतं.

असो. मुंबईत सकाळी दहाला इंटरव्ह्यू किंवा दवाखान्याची अपॉइंटमेंट असेल तर विमानाचा दीड तास पाहून भुलू नका. वर्धा रोडवरून एअरपोर्टला जाणं, दोन तास आधी पोचणं (बहुतेक काउंटर तासभर आधी बंद होतात), तिकडे बॅगेची वाट पाहणं, मग अंधेरीवरून फोर्टपर्यंत जाणं, हे सगळं जोडलं की सहज पाच-सहा तास होतात. काम सीएसएमटीच्या आसपास असेल तर मी दुरांतोच सांगीन, रात्री जेवून बसायचं, झोपायचं आणि सकाळी आठच्या सुमारास तिथंच उतरायचं. काम अंधेरी-बांद्र्याकडे असेल आणि त्याच दिवशी परत यायचं असेल तर मात्र विमानच घ्या, फक्त परतीचं तिकीट रात्रीचं काढा, संध्याकाळी हायवेवर अडकलात तर संध्याकाळचं विमान काही थांबत नाही.